पालखी कोणत्या बाजूने गेली?
महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची वाटचाल, मेढ्याकडून पाहताना

वेताळाची पालखी पाहिलेली माणसं सातारा जिल्ह्यातल्या जावळीच्या खोऱ्यात अजून भेटतात. अमावास्येच्या आसपासची रात्र, समोरच्या डोंगराच्या सोंडेवर एकामागोमाग चालणारे दिवे, मध्येच विझणारे, पुन्हा पेटणारे. पाहणारा खोटं बोलत नसतो. त्याने दिवे पाहिलेलेच असतात. प्रश्न एवढाच की त्याने पालखी पाहिली, की दिवे पाहून पालखी मनात जोडली. पहिला पाऊस पडला की चुडी नाहीतर बॅटऱ्या घेऊन माणसं ओढ्याला खेकडे धरायला निघतात. उन्हाळ्यात वणव्याची रेघ रात्रभर कड्यावरून सरकत राहते. मेढ्याच्या बाजूने पाहणाऱ्याला ओढाही दिसत नाही आणि खेकडेही दिसत नाहीत. दिसतात फक्त दिवे.

अशा वेळी हसायचं नाही, वादही घालायचा नाही. विचारायचं: पालखी कोणत्या बाजूने गेली? किती वाजले होते? चंद्र होता का? दिवे किती वेळ दिसले? तुमच्यासोबत कोण होतं, आणि त्याला काय दिसलं? महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा इतिहास सांगताना लोक तिचे संस्थापक डॉक्टर नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनापासून किंवा जादूटोणाविरोधी कायद्यापासून सुरुवात करतात, आणि ते स्वाभाविकही आहे. मला मात्र समितीचं खरं काम या प्रश्नांमध्ये दिसतं. समितीचं मुख्य ठाणं साताऱ्यात, म्हणजे मेढ्याहून एसटीने तासाभराच्या आत. त्यामुळे हा इतिहास आपल्याला परका नाही.

या भागाला चिकित्सेची सवय समितीने लावली, असं म्हटलं तर ते इतिहासाला धरून होणार नाही. गोपाळ गणेश आगरकर १८५६ मध्ये जन्मले ते कऱ्हाडजवळच्या टेंभूला. सत्यशोधकांची लग्नं, भटाशिवायची श्राद्धं, कर्मवीर भाऊरावांची वसतिगृहं, प्रतिसरकारच्या काळातले गावोगावचे निवाडे, हे सगळं सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत (तेव्हा तो एकच सातारा जिल्हा होता) आधीच घडून गेलं होतं. समितीने याच वारशाचा आधार घेतला. तिच्या चतुःसूत्रीत शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना विरोध आणि वैज्ञानिक दृष्टिकोनाचा प्रसार ही कलमं तर आहेतच, शिवाय धर्माची विधायक चिकित्सा आणि व्यापक परिवर्तनाच्या चळवळींशी नातं हीसुद्धा आहेत. देव मानावा की मानू नये, यावर समितीने भूमिका घेतली नाही. तरी गावात ‘ती देव न मानणारी माणसं’ हीच ओळख चिकटली, आणि ती पुसायला कार्यकर्त्यांची बरीच वर्षं गेली.

नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. जन्म १ नोव्हेंबर १९४५, दहा भावंडांतले धाकटे. मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस, कबड्डीचे नामवंत खेळाडू, राज्याच्या शिवछत्रपती पुरस्काराचे मानकरी. साताऱ्यात त्यांनी दहा-बारा वर्षं दवाखाना चालवला. बाबा आढावांच्या ‘एक गाव, एक पाणवठा’ चळवळीतून ते सामाजिक कामात आले. अंधश्रद्धेच्या प्रश्नावर आधी श्याम मानव यांच्या अखिल भारतीय समितीसोबत काम केलं आणि १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्वतंत्रपणे उभी केली. डॉक्टरकीचा संस्कार पुढच्या कामात सतत दिसतो. तक्रार सांगणाऱ्याला आधी बोलू द्यायचं, मग तपासायचं, निदान शेवटी.

सुरुवातीच्या काळातली हत्यारं बाहेरून आली. केरळात जन्मलेले आणि श्रीलंकेत स्थायिक झालेले अब्राहम कोवूर यांनी १९६३ मध्ये जाहीर केलं होतं, की फसवणूक होणार नाही अशा परिस्थितीत कोणी अलौकिक शक्ती दाखवली तर त्याला एक लाख रुपये देऊ. तामिळनाडूतल्या पोदनूरचे बी. प्रेमानंद यांनी बुवांचे चमत्कार हातचलाखीने करून दाखवत देश पालथा घातला. त्यांच्याकडूनच महाराष्ट्रातल्या अनेक कार्यकर्त्यांच्या हातात ही कला आली. मंत्राने होम पेटतो तो पोटॅशियम परमँगनेटवर तूप म्हणून ग्लिसरीन सोडल्यामुळे. पाणी शिंपडल्यावर नारळ पेटतो, कारण शेंडीत सोडियमचा तुकडा दडवलेला असतो. जळता कापूर जिभेवर ठेवता येतो, कारण जीभ ओली असते आणि चटका बसायच्या आत तोंड मिटलं की ज्योत विझते. आव्हानाची कल्पनाही समितीने उचलली. बक्षिसाची रक्कम वाढत वाढत २१ लाखांपर्यंत गेली. अटी आधी लेखी ठरायच्या आणि दोन्ही बाजूंना मान्य असायच्या. बक्षीस आजवर कोणी नेलेलं नाही.

एक सांगायला हवं. चमत्कारांच्या प्रयोगांना गर्दी होते, पोरं टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन आईच्या हातचा अंगारा लावून झोपतात. प्रयोग पाहून माणूस एका बुवाबद्दल सावध होतो. दुसरा बुवा दुसरी युक्ती घेऊन आला की पुन्हा फसतो. समितीचं सकस काम मला तिने केलेल्या तपासांत दिसतं, आणि त्यातही भानामतीच्या तपासांत.

भानामती म्हणजे काय, हे जावळीत समजावून सांगावं लागत नाही. कौलांवर दगड पडतात. पेटीतली घडी केलेली लुगडी आपोआप पेटतात. पिठात राख, भाकरीत केस, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या. घर हवालदिल होतं, देवऋष्याकडे खेटे सुरू होतात, कर्ज होतं, आणि करणी कोणी केली याचा संशय भावकीतल्या एखाद्या विधवेवर किंवा शेजारच्या घरावर जातो. पुढे मारहाणीपर्यंत मजल जाते. समितीची पद्धत इथे फार साधी आणि फार चिकाटीची आहे. दोन-तीन कार्यकर्ते जातात, त्यांत एखादी बाई असावी असा प्रयत्न असतो. घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळं बोलायचं. प्रत्येक प्रकार कुठे झाला, किती वाजता झाला, तेव्हा कोण कुठे होतं, याची वहीत उभी-आडवी नोंद करायची. चार-आठ दिवसांच्या नोंदी समोर आल्या की बहुतेक वेळा एक गोष्ट उघडी पडते: घरातली एक विशिष्ट व्यक्ती बाजारला, माहेरी किंवा शाळेत गेली की भानामतीही सुट्टी घेते.

ही व्यक्ती पुष्कळदा नवी सून असते, शाळा सुटलेली मुलगी असते, कधी कोणाचं लक्ष नसलेला मुलगा. बिब्ब्याचं तेल अंगावर लागलं की फोड येतो, फुली उमटते; त्यासाठी मंत्र लागत नाही. कपडे पेटवायला एक काडी पुरते. पण हे कळल्यावर समिती जे करते ते महत्त्वाचं आहे. त्या व्यक्तीला चारचौघांत उभं करत नाहीत. तिच्याशी एकटीशी बोलतात, तिने कबुली दिली तर ती गुप्त ठेवतात, घरच्यांना एवढंच सांगतात की आता प्रकार थांबतील. आणि ते थांबतात. गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतात. सासरी बोलायची सोय नसलेल्या मुलीने दगडांच्या भाषेत केलेली ती तक्रार असते. तिचं नाव फुटलं तर तपास खरा ठरेल, पण मुलीचं आयुष्य संपेल. म्हणून भानामतीच्या हकिकतींमध्ये नावं सापडत नाहीत. समितीच्या दप्तरातली ही रिकामी जागा मला तिच्या सगळ्या जाहीर सभांपेक्षा मोलाची वाटते.

२१ सप्टेंबर १९९५ हा गुरुवार मात्र एका घराचा नव्हता, सगळ्या देशाचा होता. गणपती दूध पितो ही बातमी सकाळी फुटली आणि दुपारपर्यंत मेढ्यासारख्या गावांतही देवळापुढे रांगा लागल्या. चमच्याच्या कडेला दूध फुगीर उभं राहतं ते पृष्ठताणामुळे. सोंडेला टेकलं की दगडावर पातळ पापुद्रा होऊन ओघळतं. पांढऱ्या संगमरवरावर पांढरा ओघळ दिसत नाही. दुधात रंग कालवून ते वैज्ञानिकांनी आणि समितीच्या लोकांनी दाखवलं. चांभाराची ऐरणही दूध पिते, हे लोकांनी स्वतः करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी रांगा ओसरल्या. त्यात विज्ञानाचा वाटा किती आणि दुधाच्या भावाचा किती, हे सांगणं कठीण.

तपासाची सगळ्यात काटेकोर परीक्षा झाली ती फलज्योतिषाच्या बाबतीत. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, दाभोलकर आणि ज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये एक प्रयोग योजला. समितीच्या कार्यकर्त्यांनी शाळाशाळांतून जन्मवेळा गोळा केल्या: शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं. त्यांच्या पत्रिका मांडल्या, त्यांना सांकेतिक क्रमांक दिले आणि जाहीर आवाहन केलं. ५१ ज्योतिषी पुढे आले. प्रत्येकाला चाळीस पत्रिका पाठवल्या. मूल कोणत्या गटातलं एवढंच सांगायचं. उत्तरं आली २७ जणांची. त्यांची सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास यश मिळालं असतं. सगळ्यात चांगल्या ज्योतिषाची चाळीसपैकी २४ उत्तरं बरोबर होती. एका ज्योतिष संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका तपासल्या, त्यांची १०२ बरोबर आली.

या प्रयोगाचं वैशिष्ट्य निकालात नाही, मांडणीत आहे. ज्योतिषांना शिव्या दिल्या नाहीत. त्यांच्याच दाव्याची, त्यांनी मान्य केलेल्या पद्धतीने पडताळणी केली. पत्रिका कोणाची, हे उत्तर देणाऱ्याला माहीत नव्हतं. निकाल काहीही लागला असता तरी तो छापावा लागला असता. टीकाकार म्हणतात नमुना लहान होता, प्रश्न एकच होता. ते खरं आहे. मग त्यांनी मोठा नमुना घ्यावा, चार प्रश्न घ्यावेत; वाट कोणी अडवलेली नाही.

हेच माप पाणाड्याला लावायला आपण कचरतो. हातावर नारळ उभा राहिला, उंबराची दुबेळकी फांदी खाली वळली की तिथे बोअर मारायची, हे माण-खटावपासून जावळीपर्यंत चालतं. चांगले शिकलेले लोकही मुंबईहून पैसे पाठवताना पाणाड्याला विचारून घ्या म्हणतात. फांदी वळते हे खरं. ताणून धरलेल्या फांदीला मनगटाची किंचित हालचालही पुरते, आणि ती आपण करतो आहोत हे करणाऱ्यालाच कळत नाही. प्लँचेटची वाटी अक्षराअक्षरावर सरकते तीही अशीच. टेबल फिरवणाऱ्या मंडळींची बोटंच नकळत जोर लावतात, हे मायकेल फॅरेडेने १८५३ मध्ये उपकरण बनवून दाखवलं होतं. पाणाड्याचा अंदाज बरोबर येतो त्याचं कारण वेगळं आहे. आपल्या काळ्या खडकात वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये बऱ्याच ठिकाणी थोडंफार पाणी असतंच, आणि जुन्या पाणाड्याला ओढा, झाडं, उतार वाचता येतात. त्याच्या ज्ञानाला माझा नमस्कार आहे, नारळाला नाही. राज्यात भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२ पासून आहे. कोरड्या गेलेल्या बोअरींची नोंद मात्र कोणी पाणाडी ठेवत नाही, आणि शेतकरी लाजेखातर बोलत नाही. सगळ्या फसलेल्या बोअरी मोजल्याशिवाय यशाचा आकडा सांगता येत नाही, एवढी साधी गोष्ट गावच्या बैठकीत पटवणं भूत उतरवण्यापेक्षा अवघड आहे.

आता आकाशाकडे. ‘उडत्या तबकड्या’ हा शब्द जगात आला तो २४ जून १९४७ नंतर. केनेथ अर्नोल्ड या अमेरिकन वैमानिकाने रेनियर पर्वताजवळ नऊ चमकत्या वस्तू पाहिल्या आणि त्यांची चाल पाण्यावर फेकलेल्या बशीसारखी होती असं सांगितलं. चाल बशीसारखी, आकार नव्हे; पण वर्तमानपत्रांनी बशीच उचलली, आणि पुढे लोकांना बशाच दिसू लागल्या. आपल्याकडे डोंगरावर पालखी दिसते, तिकडे तबकडी. दिवे तेच असतात, नाव ज्याचं त्याच्या गावचं. अमेरिकेच्या हवाई दलाने १९६९ पर्यंत अशा १२,६१८ नोंदी तपासल्या. बहुतेकांचा उलगडा शुक्र, उल्का, फुगे आणि विमानं यांत झाला. ७०१ अनिर्णित राहिल्या. या ७०१ नोंदींवर आजही पुस्तकं खपतात. अनिर्णित म्हणजे माहिती अपुरी. परग्रहवासी आले हा निष्कर्ष त्यातून निघत नाही, आणि आले नाहीत असा पुरावाही त्यातून मिळत नाही.

आपल्या लोकांनीही आकाशाची भीती पाहिली आहे. जुलै १९७९ मध्ये ७० टनांहून जड स्कायलॅब ही अंतराळ प्रयोगशाळा डोक्यावर पडणार या धास्तीने गावोगाव कोंबड्या-बकरी कापून खाल्ल्याच्या गोष्टी जुनी माणसं सांगतात. ती पडली हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात. त्याच्या उलट २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भ-खानदेशात आकाशातून जळत्या गोळ्यांची रांग संथपणे गेली. रात्रीत मोबाईलवर तबकडी, क्षेपणास्त्र, विमान, सगळं फिरलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं. तो आधीच्या वर्षी उडालेल्या चिनी लाँग मार्च अग्निबाणाचा अवशेष असल्याचं अभ्यासकांनी सांगितलं. उल्का बहुतेक वेळा एक-दोन सेकंदांत संपते. अग्निबाणाचा तुकडा तिरका, संथ येतो आणि तुटत तुटत बराच वेळ दिसतो. म्हणूनच ‘किती वेळ दिसलं?’ हा पालखीवाल्याला विचारायचा प्रश्न इथेही पहिला. हल्ली संध्याकाळी स्टारलिंकच्या उपग्रहांची माळ दिसली की फोन येतात. दिशा, वेळ आणि माळ सरळ होती का, एवढं विचारलं की बहुतेक उत्तरं तिथेच मिळतात.

समितीचा दुसरा इतिहास रस्त्यावरचा आणि विधिमंडळातला. तो बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. २५ जानेवारी २००५ ला वाई तालुक्यात मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून अधिक भाविक गेले. पुढे न्या. राजन कोचर आयोगाने चौकशी केली. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, गर्दीचं नियोजन, असे ते सगळे मोजता येणारे प्रश्न होते. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी समितीने नव्वदच्या दशकापासून पाठपुरावा केला. मसुदे बदलले, कलमं गळाली, सरकारं आली-गेली. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वरजवळच्या पुलावर दाभोलकरांचा गोळ्या घालून खून झाला. आठवड्याच्या आत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधेयक मंजूर झालं. १० मे २०२४ ला पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांची सुटका केली.

समितीचे अध्यक्ष म्हणून प्रा. एन. डी. पाटील दीर्घकाळ पाठीशी उभे होते. ते वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे. १७ जानेवारी २०२२ ला ते गेले. त्या सुमारास संघटनेतही मतभेद झाले, वर्तमानपत्रांतही आले. ते लपवण्यात अर्थ नाही. चिकित्सा शिकवणाऱ्या संघटनेची चिकित्सा होणारच. शाखांचं काम त्यामुळे थांबलं नाही. डोळ्यांना पट्टी बांधून मुलांना वाचायला शिकवणारे ‘मिडब्रेन’चे महागडे वर्ग आले, तेव्हा नाकाजवळच्या फटीतून मूल कसं पाहतं हे दाखवायला कार्यकर्ते होतेच.

जावळीत आज सगळ्यात निकडीचं काम जादूटोणाविरोधी कायद्याच्या एका कलमाशी जोडलेलं आहे: साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्राने उपचार करणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, आणि पोलीस ठाण्याचा निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी त्यात कारवाई करू शकतो. मण्यार रात्री झोपेत चावते. फारसं दुखत नाही, सूज येत नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या उघडत नाहीत, जीभ जड होते. घरच्यांना वाटतं बाहेरचं झालंय, आणि माणूस देवऋष्याच्या ओट्यावर जातो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे असं काही झालं तर पहिली शंका मण्यारीची घ्यायची आणि थेट सरकारी रुग्णालय गाठायचं. प्रतिविष तिथे मोफत मिळतं.